स्टेशनपासून पाच मिनिटं

मुंबईतल्या घरांच्या जाहिराती कितीही वेगवेगळ्या असोत, एक ओळ सगळ्यांत सारखी असते: ‘स्टेशनपासून फक्त पाच मिनिटं’. ही पाच मिनिटं कोणाची, ते कुठेच लिहिलेलं नसतं. माझ्या अंदाजाने ती बिल्डरच्या ड्रायव्हरची असतात, रविवारी पहाटे चारची असतात, आणि मधल्या नाल्यावरचा पूल बांधून झालाय असं धरून असतात. बाकीच्या माणसांना त्या पाच मिनिटांत फक्त शेअर रिक्षाच्या रांगेचं शेपूट सापडतं.

मी लालबागला राहतो. चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, एकशे ऐंशी चौरस फुटांत. हे मी मिरवण्यासाठी सांगत नाही. मिरवण्यासारखं त्यात काय आहे ते आमच्या घरी राहायला आलेल्या पाहुण्यांना विचारा. पण लालबागच्या माणसाला नातेवाइकांच्या आयुष्यात दोनदा महत्त्व येतं. एकदा गणपतीत, आणि एकदा कोणी टाटाला किंवा केईएमला ॲडमिट झालं की. तेव्हा डोंबिवली, बदलापूर, विरार, पनवेल अशा सर्व दिशांची माणसं आमच्या मोरीत आंघोळी करून जातात. जाताना प्रत्येक जण खोलीभर नजर फिरवून म्हणतो, “तुमचं बरंय बाबा, सगळं जवळ!” आणि जिना उतरता उतरता तोच म्हणतो, “पण या लोकांनी आता तरी मोठी जागा बघायला हवी.” मुंबईतला घरांचा सगळा प्रश्न या दोन वाक्यांत येतो. एकाच पाहुण्याच्या, एकाच भेटीतल्या.

माझ्या मावसभावाने काही वर्षांपूर्वी आमच्याच चाळीतली त्याची खोली पागडीने दिली, मालकाचा वाटा मालकाला दिला, उरलेल्या पैशात बदलापूरला टू बीएचके घेतला आणि तरी थोडं कर्ज काढलंच, कारण कर्ज नसलेल्या घराला मुंबईत कोणी घर मानत नाही. सहाशे चौरस फूट कार्पेट. बाल्कनीतून डोंगर दिसतो. पावसाळ्यात डोंगरावरून धबधबे पडतात असं त्याची आई सांगते. तो स्वतः अजून खात्रीने सांगू शकत नाही, कारण उजेड असताना तो त्या बाल्कनीत फक्त रविवारी उभा राहतो, आणि तेव्हा तिथे कपडे वाळत असतात.

त्याच्या वास्तुशांतीला आमची चाळ गेली होती. जेवणं झाल्यावर ‘जवळचं लहान बरं की लांबचं मोठं’ हा विषय निघाला. न निघून सांगतो कोणाला? आमच्याकडचे एक काका बँकेतून निवृत्त झालेले आहेत. बँकेने त्यांना निवृत्त केलं, हिशेबाने केलेलं नाही. त्यांनी पूजेच्या सामानाच्या यादीची मागची बाजू घेतली आणि म्हणाले, “घर किती मोठं हा प्रश्नच नाही. जागेपणी किती वापरतोस ते सांग.” मग त्यांनी एक एकक काढलं: चौरस फूट-तास.

मावसभावाचा हिशेब असा. सहाशे चौरस फूट, माणसं चार, डोई दीडशे. उठतो सहाला, सातला बाहेर. परत येतो रात्री नऊला, झोपतो अकराला. म्हणजे जागेपणी घरात तीन तास. तीन गुणिले दीडशे, साडेचारशे. यात गाडीतले तीन तासही धरायचे, काकांनी अन्याय केला नाही. गर्दीच्या वेळी डब्यात एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा माणसं असतात. रेल्वेच्या कागदांत त्याला ‘सुपर डेन्स क्रश लोड’ असं नाव आहे, जणू सिमेंटची जात. म्हणजे माणशी पाऊण चौरस फुटाहून थोडं कमीच. एवढ्या जागेत पेपर उघडता येत नाही. घडीचा पेपर पायाखाली ठेवला तर तो बाहेर येईल. तीन तास गुणिले ही जागा, दोन. एकूण चारशे बावन्न.

आता आमचा. एकशे ऐंशी, माणसं पाच, डोई छत्तीस. सकाळी सात ते साडेनऊ आणि संध्याकाळी साडेसहा ते साडेअकरा, साडेसात तास. दोनशे सत्तर.

बदलापूरकर टाळ्या वाजवायच्या बेतात होते. काका म्हणाले, “थांबा. आमची गॅलरी राहिली. साठ फूट लांब, पाच फूट रुंद.” कोणीतरी म्हणालं, गॅलरीला तर बारा बिऱ्हाडांनी भागायला हवं. काका म्हणाले, “छे! गॅलरी ही वाटून घेतली तरी प्रत्येकाला पुरती मिळते. शिवाय शेजारच्यांची खोली धरा, आमचा धाकटा अभ्यास तिथेच करतो. गणेश गल्लीचं मैदान धरा. ते नको असेल तर राणीची बाग धरा.” आकडा हजारांत जायला लागला. तेवढ्यात मावसभावाची बायको स्वयंपाकघराच्या दारातून शांतपणे म्हणाली, “आणि काका, सकाळी संडासच्या रांगेतला वेळ वजा केलात का?” काकांनी कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली. एकक तिथेच वारलं.

पण काकांचा मुद्दा मला पटला होता, आणि तो सुशिक्षितांनाही पटतो. ब्रुनो फ्राय आणि अलोइस स्टुट्झर नावाच्या दोन स्विस अर्थशास्त्रज्ञांनी जर्मनीतल्या कुटुंबांची माहिती घेऊन पाहिलं की लांब राहणाऱ्याला मोठं घर किंवा जास्त पगार मिळाल्याने प्रवासाची भरपाई होते का. अर्थशास्त्राचं पुस्तक म्हणतं, व्हायलाच हवी. नाहीतर माणूस तिथे राहायला जाईल कशाला? त्यांना आढळलं की होत नाही. जितका प्रवास लांब तितका माणूस कमी समाधानी. या गृहस्थांना एकदा आठच्या कल्याण फास्टला आणायला हवं. आले तर समाधान मोजायला त्यांना खिशातून पेन काढता येणार नाही हे खरं, पण जर्मनीच्या गाड्यांत भजनी मंडळ नाही, दसऱ्याला डब्याला तोरण नाही, घेवडा निवडत बसलेल्या बायकांचा घोळका नाही आणि रमीचा डाव नाही, हे त्यांच्या हिशेबात धरलेलं नसावं. मावसभाऊ म्हणतो की त्याचे खरे शेजारी त्याच्या सोसायटीत नाहीत, डब्यात आहेत. सोसायटीतल्या समोरच्या दारावरची पाटी त्याने अजून नीट वाचलेली नाही. डब्यातल्या माणसांच्या मुलींच्या दहावीच्या टक्क्यांपर्यंत त्याला पाठ आहे.

दुसरा एक इटालियन शास्त्रज्ञ, चेझारे मार्केटी. त्याने १९९४ मध्ये मांडलं की माणूस, मग तो गुहेतला असो की शहरातला, दिवसाला सरासरी तासभर जाण्यायेण्यात घालवतो. वाहन वेगवान झालं की वेळ वाचत नाही, माणूस तेवढा लांब राहायला जातो. मुंबईच्या बाबतीत तासाचा आकडा हास्यास्पद आहे. आपल्याकडे तासभर तर दादरच्या पुलावर जातो. पण लांब सरकण्याची गोष्ट मात्र शंभर टक्के आपली.

कारण ‘लांब’ हे गाव मुंबईत सारखं उत्तरेकडे सरकत आलं आहे. पुराव्याला दादर घ्या. आज दादरला घर म्हटलं की पोटात गोळा येतो, भाव विचारताना माणूस आवाज खाली आणतो. पण १८९६ला मुंबईत प्लेग आला, गिरगाव-भुलेश्वरातल्या दाटीचा सरकारला धसका बसला, १८९८ला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला आणि ट्रस्टने दादर, माटुंगा, शीव इकडे रस्ते आखून प्लॉट पाडले. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी ही त्यातलीच. माझी खात्री आहे की तेव्हा गिरगावात एखाद्या ओट्यावर बसून कोणीतरी म्हणालं असेल, “दादरला? तिथे रात्री कोल्हे ओरडतात म्हणे!” आणि त्याचाच नातू आज डोंबिवलीत बसून शिवाजी पार्कच्या फ्लॅटचे फोटो बघतो. ट्राम दादरपर्यंत जायची, तिथे संपायची, म्हणून ते ट्राम टर्मिनस, म्हणजे टी.टी. शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली ती ३१ मार्च १९६४ला. ट्राम जाऊन साठ वर्षं झाली तरी ‘दादर टी.टी.’ आहे तिथेच आहे, आणि बेस्टच्या रांगेतला माणूस अजून ‘टी.टी.’च मागतो.

एकूण लांब राहायला जायच्या या पापाची सुरुवातही गिरगावकरानेच केली. ठाण्यापर्यंत रेल्वे नेण्यात पुढाकार घेणारे नाना शंकरशेट गिरगावचेच. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली तेव्हा चौदा डबे होते आणि चारशे पाहुणे. म्हणजे प्रत्येकाला बसायला जागा मिळाली असणार. या मार्गावर असं पुन्हा घडल्याचं निदान माझ्या ऐकण्यात नाही.

लालबाग-परळची गोष्ट याहून कडू आहे, पण ती टाळून पुढे जाता येत नाही. इथे माणसं राहायला आली तीच मुळी वेळ वाचवायला. गिरणीचा भोंगा झाला की चप्पल घालायची, दुसरा होईपर्यंत खात्यात. बीडीडी चाळीतल्या एकशे साठ चौरस फुटांत दहा-दहा माणसं राहिली. पाळ्या वेगवेगळ्या म्हणून पथाऱ्याही पाळीने टाकल्या जायच्या. कामावर जायला तिकीट नाही, पास नाही, ‘गाड्या लेट आहेत’ हे कारणही नाही. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि पुढे काय झालं ते इथल्या प्रत्येक घराला माहीत आहे. गिरण्यांच्या जमिनींवर मॉल झाले, टॉवर झाले, काचेची ऑफिसं झाली. लोअर परळला बिल्डर ‘अप्पर वरळी’ म्हणायला लागले, म्हणजे परळ नकाशातूनही हललं. आता माझा मावसभाऊ काम करतो ते ऑफिस एका जुन्या गिरणीच्या आवारात आहे. त्याचे आजोबा त्याच आवारात, त्याच फाटकातून, पाच मिनिटांत चालत पोचायचे. ‘कामापासून पाच मिनिटं’ ही जाहिरात तेव्हा कोणी केली नव्हती, पण ती खरी होती. नातू तिथे पोचायला बदलापूरहून निघतो, आणि पोचल्यावर पंचवीसाव्या मजल्यावरून खाली बघितलं की त्याला आमच्या चाळीचे पत्रे दिसतात.

आणि ज्या गिरणी कामगारांना सरकारने घरं कबूल केली, त्यांतल्या कित्येकांसाठी पनवेलजवळच्या कोनमध्ये सोडत निघाली. पुढे शेलू आणि वांगणीची योजना आली. वांगणी बदलापूरच्याही पुढे. म्हातारे कामगार रस्त्यावर उतरून म्हणाले, घर मुंबईतच हवं. यावर विनोद करायला माझा हात धजत नाही.

मग म्हाडा आहेच. आमच्याकडे म्हाडाच्या सोडतीचा अर्ज नवसासारखा भरतात. २०२३च्या सोडतीत ताडदेवचं एक घर होतं, साडेसात कोटींचं. ते लागलं एका आमदारांना. त्यांनी परवडत नाही म्हणून परत केलं. प्रतीक्षायादीत कोण, तर केंद्रातले तेव्हाचे अर्थ राज्यमंत्री. हे वाचल्यापासून मी घराच्या बाबतीत स्वतःला कमी लेखणं सोडून दिलं.

तुम्ही म्हणाल, पण चाळवाल्यांची तर चैन आहे, भाडं ते काय! खरंय. १९४७च्या कायद्याने भाडी १९४०च्या पातळीवर गोठवली. आमच्या खोलीचं महिन्याचं भाडं आणि भारतमाता सिनेमाजवळ दोघांनी घेतलेला वडापाव-चहा यांत फार अंतर नाही. १९९९च्या कायद्याने मालकाला वर्षाला चार टक्के वाढ करायची मुभा दिली, पण ती वसूल करायला मालकाचा माणूस टॅक्सीने आला तर मालक तोट्यात. साहजिकच मालक जिन्याकडे बघत नाही, जिना आमच्याकडे बघतो. मग टेकू लागतात. दर पावसाळ्याआधी म्हाडा अतिधोकादायक इमारतींची यादी काढते, आणि चाळीत लोक निकाल लागल्यासारखे विचारत फिरतात, “आपली आली का?” रिडेव्हलपमेंट येणार येणार म्हणून आमच्या तीन बिल्डरांबरोबर मीटिंगा झाल्या. प्रत्येकाने सामोसे चांगले दिले. होईलही कधीतरी, वरळीच्या बीडीडीतल्या पहिल्या साडेपाचशे कुटुंबांना २०२५च्या ऑगस्टमध्ये पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या, म्हणजे होतं. पण टॉवर झाला की लिफ्ट येते, वॉचमन येतो, जिमखाना येतो आणि मेंटेनन्सचं बिल येतं. त्या बिलाने कित्येक जुने भाडेकरू घर विकून जातात कुठे, तर बदलापूरला. तेव्हा आमचा आणि मावसभावाचा फरक एवढाच, की त्याने आधी जागा पकडली.

जागा पकडणं ही बदलापूरची खरी भानगड आहे. सीएसएमटीहून डोंबिवली अठ्ठेचाळीस किलोमीटर, बदलापूर अडुसष्ट. वीस किलोमीटर आणखी लांब जाऊन घर घेणाऱ्याला लोक वेडा म्हणतात. तो वेडा नाही. बदलापूरहून गाड्या सुटतात. तिथला माणूस रिकाम्या गाडीत चढतो, विंडो धरतो आणि डोंबिवलीला झोपेतून एक डोळा उघडून फलाटावरची दंगल बघतो. डोंबिवलीकर तिथून पुढे दारातल्या दांड्यावर विश्वास ठेवून येतो. म्हणून सकाळी काही डोंबिवलीकर आधी उलटे कल्याणकडे जातात, ‘डाउन करून’ बसून येतात. मुंबईकडे यायला आधी मुंबईपासून लांब जायचं, हे तुम्ही लंडनच्या माणसाला समजावून दाखवा. फ्लॅटच्या किमतीत विंडो सीट धरली तर बदलापूर स्वस्तच पडतं.

डब्यात शिरल्यावर पहिला प्रश्न नाव-गाव नाही, “कुठे?” एवढाच. “ठाणा” म्हणणाऱ्यापुढे लगेच कोणीतरी उभं राहतं. “सीएसएमटी” म्हणणाऱ्याकडे तिरस्काराने बघतात. लग्न जमवतानाही आता हाच प्रश्न येतो. पूर्वी पत्रिका, गोत्र. हल्ली मुलीकडचे विचारतात, सेंट्रल की वेस्टर्न? घर स्वतःचं का? स्टेशन कुठलं, फास्ट थांबते का? आमच्या मजल्यावरच्या एका मुलाचं स्थळ ‘दादरजवळ राहतो’ म्हणून बघायला आलेले पाहुणे, ‘जवळ’ म्हणजे लालबाग आणि ‘राहतो’ म्हणजे पाच जणांत, हे कळल्यावर चहा न घेता उठले. त्यांच्या मुलीचं पुढे नवी मुंबईपलीकडच्या तीन बेडरूमवाल्याशी जमलं. मुलगी परळला नोकरी करते. हल्ली ती कधीकधी उशीर झाला की आमच्याच मजल्यावर मैत्रिणीकडे राहते.

आणि समजा सगळी गणितं नीट मांडून तुम्ही ऑफिसजवळ घर घेतलंत. घर एका जागी राहतं, ऑफिस पळतं. ऑपेरा हाउसच्या पंचरत्नमधल्या हिऱ्याच्या पेढ्यांत गिरगावातली माणसं चालत जायची. २०१० मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात डायमंड बोर्स उघडला, बाजार तिकडे गेला आणि ठाकुरद्वारचा माणूस आयुष्यात पहिल्यांदा पास काढायला लागला. आता भुयारी मेट्रो आली आहे, गिरगावला स्वतःचं स्टेशन आहे, तीच गाडी थेट बीकेसीला नेते. गिरगावकर खूश आहे, फक्त मेट्रोने त्याच्या गल्लीचा भाव आणखी वाढवला आणि त्याच्या धाकट्या भावाला गिरगावात घर घेणं आणखी अशक्य झालं. संस्कृतीचंही तेच. पाडव्याची स्वागतयात्रा म्हटली की सगळ्यांना गिरगाव आठवतं, पण ती आधी निघाली डोंबिवलीत, १९९९ला. गिरगावची माणसं तिकडे गेली होती, त्यांनी नऊवारी आणि ढोलताशा सामानाच्या टेम्पोतून सोबत नेला होता.

मला विचाराल तर जवळ राहावं. पण हे मी आजोबांनी घेऊन ठेवलेल्या खोलीत बसून सांगतोय, त्यामुळे माझ्या मताला फारशी किंमत देऊ नका. आज स्वतःच्या पगारावर लालबागला खोली घ्यायची वेळ आली असती तर मीही बदलापूरच्या गाडीत असतो, आणि बहुधा उभा. जवळ राहणारे आम्ही कोणी फार विचार करून जवळ राहिलेलो नाही.

तुम्हाला विचार करायची संधी आहे, तर ती नीट घ्या. सॅम्पल फ्लॅट बघायला एजंट रविवारी दुपारी त्याच्या गाडीतून नेतो, थंड पाणी देतो. तसं जाऊ नका. जुलैमधला पावसाचा एखादा सोमवार निवडा, सकाळी आठ वाजता त्या स्टेशनवर या, आणि दादरपर्यंत जाऊन दाखवा. संध्याकाळी साडेसहाला दादरहून परत या. दादरला फलाटांचे नंबर डिसेंबर २०२३पासून बदलले आहेत, सेंट्रलचे आठपासून सुरू होतात, एवढं फक्त लक्षात ठेवा. एजंटलाही दोन्ही वेळा सोबत घ्या. टोकनचा चेक त्याला डब्यातच द्या, खिशापर्यंत हात पोचला तर.